नंबर गेलेलं इंजिन

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चूक केलीत असं मी म्हणणार नाही. चूक बघणाऱ्याची होते, आणि तुम्ही तर बघितलंच नाहीत. सीट वर उचललेली होती, टॉर्च माझ्या मालकाच्या, भूपेशच्या हातात होती, वाकायला दोन फूट जागा होती. तुम्ही लांबूनच मान उंच केलीत, रुमाल नाकाला लावलात आणि तपासणीच्या कागदावर लिहून टाकलंत, 'इंजिन मूळ नाही.' तीन शब्द. त्या तीन शब्दांनी तुम्ही माझी दहा वर्षं पुसलीत.

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. शाळेची मुलं नेणाऱ्या पिवळ्या व्हॅनचं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी माझ्यावर बसून प्रवास केला असेल आणि तुम्हाला ते ठाऊकही नसेल, कारण अशा गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ड्रायव्हर माझ्या डोक्यावर बसतो. त्यामुळे पुढे बसून माणसं जे जे बोलतात ते सगळं मला ऐकू येतं. म्हणून ही गोष्ट माझ्याइतकी खरी दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते वितळवून साच्यात ओतलं आणि माझं धड तयार झालं. त्याला ब्लॉक म्हणतात. त्यात चार पिस्टन बसवले आणि खाली क्रँकशाफ्ट. तुमच्या घरी पायाने चालवायचं शिलाई मशीन असेल तर ते आठवा. पाय खालीवर होतो आणि चाक मात्र गोल फिरतं. माझे पिस्टन तसेच खालीवर नाचतात आणि त्या नाचाचं फिरणं करून चाकांकडे पाठवतो तो क्रँक. तो माझा कणा. शेवटी एका कामगाराने माझ्या कुशीवर ठोकून ठोकून अकरा अक्षरं आणि आकडे उमटवले. तो माझा नंबर. गाडीच्या कागदावर तोच लिहिला गेला.

वसईच्या खाडीकाठच्या एका गावात भूपेशने मला आणलं. भूपेशचे वडील नथू पूर्वी मिठागरावर मिठाचा टेम्पो चालवायचे, आता दीड एकर भात करतात. आई कमळी घर बघते आणि घरातल्या सगळ्यांना बघते. रोज सकाळी भूपेश मला घेऊन एव्हरशाईन सिटीत जायचा. अकरा मुलं, अकरा दप्तरं, बावीस डबे. संपदा नावाची एक मुलगी पुढे बसायची. तिला गतिरोधक मोजायची सवय. "काका, आज एकोणीस झाले, काल अठरा होते," असं ती म्हणाली की भूपेश म्हणायचा, "एक रातोरात वाढला असेल. आपल्याकडे रस्ता सोडून सगळं वाढतं."

दहा वर्षं. एकदाही मी मुलांना उशीर केला नाही. भूपेश वेळच्या वेळी माझं ऑइल बदलायचा, हवेची जाळी झटकायचा. आया म्हणायच्या, "भूपेशची गाडी म्हणजे घड्याळ." घड्याळाचं कौतुक व्हायचं आणि मला बरं वाटायचं. कौतुकाचा एवढाच तोटा असतो, आपण कायमचे टिकणार असं वाटायला लागतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी आलं. आमच्या गावात पाण्याचा इशारा झाला की सगळे आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. भूपेशही दरवर्षी नेतो. पण त्या दिवशी त्याने आधी अकरा मुलं घरी पोचवली, मग तो वळला. पूल गाड्यांनी भरून गेला होता. गावात येईपर्यंत पाणी सीटला टेकलं होतं, म्हणजे मी गळ्यापर्यंत बुडालो होतो. पण पोरगा शहाणा. त्याने पाणी माझ्यापर्यंत चढायच्या आधीच मला बंद केलं आणि चार जणांना घेऊन ढकलत अंगणात आणलं.

पाणी ओसरलं. भूपेशने ऑइलची काठी बाहेर काढली. तिच्यावर काळं ऑइल नव्हतं, दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी होतं. पाणी माझ्या पोटात गेलं होतं. त्याने घरात सगळ्यांना बजावलं, "गाडीला कोणी हात लावायचा नाही. ऑइल काढून धुतल्याशिवाय चावी फिरवायची नाही. गॅरेजवाल्याकडे रांग आहे, आपला नंबर दसऱ्यानंतर चार दिवसांनी."

आणि दसरा तीन दिवसांवर होता.

आमच्या गावात दसऱ्याला हत्यार नुसतं पुजत नाहीत, त्याला बोलतं करतात. कोयत्याने काकडी कापायची. वल्हं बादलीत बुडवून एकदा ओढायचं. फावडं अंगणात एकदा आपटायचं. पंप असेल तर घटकाभर चालवायचा. मुकं हत्यार वर्षभर रुसतं म्हणतात. आणि गाडीची चावी आदल्या दिवशीच देव्हाऱ्यातल्या ताटात ठेवतात. ती चावी ताटात कोणी ठेवली? भूपेशनेच. स्वतःच्या हाताने. हात लावू नका म्हणणारा तोच, आणि चावी देवापुढे मांडणारा तोच.

दसऱ्याच्या सकाळी तो झेंडू आणायला विरारच्या बाजारात गेला. नथूने कोयता बोलका केला, वल्हं बोलकं केलं, फावडं आपटलं. मग माझ्याकडे वळले.

कमळी दारातून म्हणाली, "अहो, नको. तो नाय बोललाय."

"अगं, नको बोललाय ते चालवायला. मी कुठं वसईला चाललोय? एकदा घुर्र केलं की बंद. मिठाचा टेम्पो वीस वर्सं चालवलाय मी, मला शिकवते ती."

"तुमच्या टेम्पोच्या पोटात पानी नवतं."

"सनाच्या दिवशी तोंड वाईट करू नको."

पहिल्यांदा चावी फिरवली, मी गप्प राहिलो. दुसऱ्यांदा फिरवली, गप्प. मित्रांनो, तिसऱ्यांदाही मी गप्पच राहायला हवं होतं. पण आमचा जन्मच चावीचं ऐकायला झालेला. मी उठलो. खोकत, कण्हत, हादरत. नथूला वाटलं, घसा बसलाय, मोकळा होईल. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

फिरणारं लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो. माझ्या पोटात पडदा कुठला, ताक होतं ताक. क्रँकची बेअरिंगं तापली, चिकटली आणि टण्ण असा आवाज झाला. कणा मोडला. पिस्टनची एक दांडी सुटली आणि माझी कूस फोडून बाहेर आली. पांढरं ऑइल कमळीच्या रांगोळीवर सांडलं.

शेजारचे धावत आले. नथू खाली उतरून म्हणाले, "मी हार घालत होतो. आपोआप बसली."

आपोआप! बंद गाडी आपोआप बसली! गावाने मान डोलावली. गावात नथूचा मान मोठा, पंचांत बसणारा माणूस.

भूपेश आला. त्याने रांगोळी बघितली, मग गाडीत डोकावला. "बाबा, तुम्ही चालू केलीत?"

"मी? मी नुसता हार घातला."

"चावीला हळदकुंकू लागलंय. ती काय देव्हाऱ्यातून चालत आली गाडीत?"

नथू काही बोलले नाहीत. भूपेशही त्यानंतर बोलला नाही. एकाच घरात, एकाच भाकरीच्या टोपलीभोवती बसून बाप आणि मुलगा मुके झाले. सगळी हत्यारं बोलकी केली आणि माणसं मुकी झाली, असा दसरा.

मला ओढून एका काचेच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या इस्त्रीच्या शर्टवाल्याने बॉनेट नसलेल्या गाडीचं बॉनेट शोधलं, मग सीट उचलली, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाला, "क्रँक तुटला की इंजिन संपलं. नवीन बसवा."

भूपेश मला तिथून कॅल्विनकडे घेऊन गेला. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत कॅल्विनचं क्रँक घासायचं वर्कशॉप आहे. पासष्टीचा माणूस, चष्म्याला दोरी.

"संपलं म्हनाला?" कॅल्विन हसला. "पेशंट टेबलावर घेतला नाय आणि मरणाचा दाखला लिहून दिला? थांब. आधी खोलू."

त्याने मला खोललं. एकेक भाग रॉकेलने धुऊन फळीवर मांडला. मायक्रोमीटर लावून मापं घेतली आणि खडूने भिंतीवर लिहिली. दुपार झाली तेव्हा म्हणाला, "ऐक. क्रँक गेला. मोडलेला क्रँक जोडून देनारे हायवेला भेटतील तुला, त्यांच्याकडं जाऊ नको, मुलं बसतात तुझ्या गाडीत. दुसरा क्रँक घेऊ, मोडीत निघालेल्या चांगल्या गाडीचा. घासून साफ करू, मापाची बेअरिंगं घालू. खरा प्रश्न तो नाय. खरा प्रश्न, क्रँक ज्या बैठकींवर बसतो त्या सरळ हायत काय. त्या वाकड्या असत्या तर मीच तुला सांगितलं असतं, भंगारात दे."

"मग?"

"सरळ हायत. पाचही. भोक पडलंय ते बाजूच्या भिंतीला. वाचतं हे इंजिन."

भूपेशने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. पुरुषांची रीत. मग म्हणाला, "माझ्या बापाने मारलं हे, अंकल."

कॅल्विनने चष्मा काढला. "पाणी लागलेल्या गाडीच्या बॅटरीची वायर काढायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"ती का नाय काढली? आणि चावी देवाला कोनी दिली? मंग बापाला एकट्याला कशाला फाशी देतो?"

भूपेश फडकं घेऊन फळीवरचे भाग पुसायला लागला.

बीड फार लहरी असतं. वेल्डिंग करायचं तर अख्खा ब्लॉक आधी कोळशात तापवावा लागतो, आणि नंतर राखेत पुरून दोन दिवस हळूहळू निववावा लागतो. घाई केली की शिवण तडकते. कॅल्विन म्हणाला, "राख पाहिजे, भाताच्या तुसाची. चार पोती." भूपेशने घरी कोणालाही उद्देशून नाही, भिंतीकडे बघत, हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नथू भातगिरणीतली राख घेऊन वर्कशॉपच्या दारात उभे होते. चार नाही, सात पोती.

मला राखेत पुरलं तेव्हा नथू त्या ड्रमाजवळ स्टुलावर बसले. दोन दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. कोणी म्हणालं, "बाबा, ते कुठं पळून जातंय?" तर म्हणाले, "नाय. पन गरम हाय काय गार झालं, कोनीतरी बघायला नको?" दुसऱ्या दिवशी भूपेशने न बोलता चहाचा ग्लास त्यांच्या पायाशी ठेवला. नथूने न बोलता प्यायला. एवढंच. पण मी राखेतून ऐकत होतो, आणि सांगतो, दसऱ्यापासून त्या घरातला तो पहिला बोलका क्षण होता.

मी वाचलो. दिवाळीच्या आधी कॅल्विनने मला बांधून उभं केलं, नवं ऑइल भरलं आणि चावी भूपेशच्या हातात न देता नथूच्या हातात दिली. नथूने ती फिरवली. मी पहिल्या फेऱ्याला उठलो.

पण फुटलेल्या कुशीच्या काठावरच माझ्या नंबराची पट्टी होती. अकरातली पहिली सहा अक्षरं राहिली, पुढचे पाच आकडे भोकात आणि वेल्डिंगखाली गेले. गॅरेजच्या गल्लीत एक जण म्हणाला, "पाच आकडे पंच मारून नव्याने ठोकून घे. कोणाला कळतंय?"

कॅल्विन त्याच्यावर उखडला. "पंच माझ्याकडं पन हाय. आज ह्याला मारला की उद्या चोरीची गाडी घेऊन दुसरा उभा. भूपेश, खरं हाय ते खरं दाखव." त्याने स्वतःच्या सहीचं पत्र दिलं, खोलल्यापासून बांधेपर्यंतचे फोटो दिले, तुटलेला क्रँकसुद्धा गोणपाटात बांधून दिला.

आणि आम्ही आरटीओच्या तपासणीला आलो, साहेब. तुमच्याकडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सोमवारी उघडणार, त्याआधी गाडी पास व्हायला हवी होती. संपदाच्या आईने फोनवर सांगितलं होतं, "भूपेशभाऊ, आम्ही सगळे थांबलोय तुमच्यासाठी, पण सोमवारी नसाल तर दुसरी व्हॅन बघावी लागेल हो."

तुम्ही लांबून बघितलंत आणि म्हणालात, "नंबर कुठाय?"

भूपेशने पत्र दिलं, फोटो दिले. तुम्ही म्हणालात, "चोर पण फोटो आणतात."

"साहेब, चॅसिसचा नंबर जुळतोय. इंजिनाची पहिली सहा अक्षरं जुळतायत. हा बघा तुटलेला क्रँक."

"हा क्रँक याच इंजिनातला कशावरून?"

तेव्हा नथू पुढे झाले. त्यांच्या मागे रांग होती आणि रांगेत आमच्याच गावचे तीन टेम्पोवाले उभे होते, नथूला काका म्हणणारे. नथूने टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, माझ्यावरून. मी मारलं हे इंजिन. दसऱ्याच्या दिवशी. पोरगा नको बोलला होता, बायको नको बोलली होती, मी चावी फिरवली. गावाला मी खोटं सांगितलं, आपोआप बसली म्हनून. आज ह्या लोकांसमोर खरं सांगतोय. हे तेच इंजिन हाय. माझ्या हातानं मेलं, मी राखेत घातलेलं बघितलं. मी वळखतोय त्याला."

गावचे टेम्पोवाले जमिनीकडे बघायला लागले. पंचांत बसणारा माणूस स्वतःचं पाप उन्हात मांडून उभा होता, आणि कशासाठी, तर माझ्यासारख्या बिडाच्या गोळ्यासाठी. भूपेश हळूच म्हणाला, "बाबा, पुरे." पंचवीस दिवसांनी तो बापाशी बोलला तो हा शब्द.

आणि तुम्ही काय म्हणालात, साहेब? "आजोबा, तुमच्या बोलण्यावर नंबर छापलेला आहे का?" तुमच्या बाजूचा शिपाई हसला. मग तुम्ही ते तीन शब्द लिहिलेत आणि वर सल्ला दिलात, "दुसरं इंजिन टाका, हे भंगारात द्या."

फाटकाबाहेर एक दलाल पान चघळत उभा होता. त्याला सगळं कळलेलं. म्हणाला, "काका, पंच मारून आणायचा ना. कोण बघतंय? खरं बोलायला कशाला गेलात इथं?"

भूपेश गाडीत बसला. बाप शेजारी बसला. पार घर येईपर्यंत दोघे माझ्यावर बसून होते आणि दोघांपैकी कोणीही माझ्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. खाडीपुलावर नथू एवढंच म्हणाले, "मी उगाच बोललो काय रे?" भूपेश म्हणाला, "नाय बाबा. तुम्हीच एकटे नीट बोललात तिथं."

मित्रांनो, गोष्टीतून काही शिकायचं असतं म्हणतात, तर हे शिका. पाण्यात बुडालेली गाडी सणासाठीसुद्धा सुरू करू नका. बॅटरीची वायर आधी काढा, पूजा मग करा, हार बंद गाडीलाही शोभतो. मोडलेलं यंत्र काचेआडच्या माणसाने अर्ध्या मिनिटात मेलं म्हटलं म्हणून फेकू नका, मापं घेणारा माणूस शोधा. आणि घरातल्या म्हाताऱ्याने चूक केली तर त्याला मुकं करू नका, कबूल करायला जागा ठेवा. हे माणसांनी करायचं. आमच्या घराने केलं. उशिरा केलं, पण केलं.

आज रविवार आहे. अंगणात माझ्याशेजारी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिलाय, त्यात मला उचलून टाकायचंय. पाने काढून ठेवलेत, पण बोल्टला अजून कोणी हात लावलेला नाही. नथू दारात बसलेत. कमळी म्हणते, "एक दिवस थांबा." भूपेशने परवा तुमच्या खिडकीवर अर्ज दिला. अर्जात दोनच ओळी आहेत, इंजिन पुन्हा बघा आणि काय ते लेखी द्या. तुमच्या माणसाने पोच दिली नाही, शिक्का दिला नाही, "बघू" म्हणाला.

'बघू' हे उत्तर नाही, साहेब. मी भूपेशच्या गाडीतलं इंजिन नसेन तर कोणाच्या गाडीतलं आहे? चोरीचं असेन तर चोराचं नाव लिहा, ज्याचं चोरलं त्याला बोलवा, भूपेशला बेड्या घाला. नसेन तर उद्या सात वाजता एव्हरशाईनच्या फाटकावर अकरा मुलं उभी असतील, मला जाऊ द्या. दोन्हीतलं एक लिहा, खाली सही करा, तारीख टाका. कोणतं लिहिताय?